शेजारची लेकरं सांभाळायचं काम सुरू करायचंय? आधी एक वही घ्या

मी भुसावळची. आमच्याकडे ज्याला विचाराल तो ड्युटीवर, कुणी रेल्वेत, कुणी दीपनगरच्या पॉवर हाऊसला, कुणी ऑर्डनन्स फॅक्टरीत, आणि उरलेले सकाळची गाडी धरून जळगावला. त्यात ड्युटी म्हणजे दहा ते पाच नाही, शिफ्ट असते, मालगाडीवर जाणाऱ्याला तर कॉल आला की निघावंच लागतं. मग आजी गावाला गेलेली असली, किंवा बायकोला पण नेमकी त्याच दिवशी नाईट लागली, की लेकरू ठेवायचं कुणाकडे हा प्रश्न उभा राहतो, आणि तो नेमका संध्याकाळी सहा वाजता उभा राहतो.

माझं असंच सुरू झालं. समोरच्या वहिनी नर्स, दादा मालगाडीवर गार्ड (आता त्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात), आणि मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. वहिनी एक दिवस दारात येऊन म्हणाल्या दोन तास बघशील का गं याला. बघितलं. मग आठवड्यातून तीनदा बघायला लागले, मग त्यांच्या हॉस्पिटलमधल्या दुसऱ्या ताईंनी विचारलं, आणि आज चार वर्षं झाली, सात घरं झाली. माझ्या कॉलेजची फी, गाडीचा पास, सगळं यातूनच निघालं. अजूनही बऱ्याच पोरी मला विचारतात की तू हे कसं करते, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते. मुलांनीही वाचा, तुमच्यासाठीही आहे, पुढे सांगते.

सगळ्यात आधी वय. १४ वर्षांच्या आतल्या कुणालाही पैसे देऊन कामाला ठेवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे सातवी-आठवीतल्या पोरीला कुणी "रोज ये, पाचशे देते" म्हणत असेल तर सरळ नाही म्हणायचं. १६-१७ वर्षांचे असाल तर माझं मत असं की लेकराची आई घरातच आहे, ती स्वयंपाक करतेय किंवा घरून काम करतेय, आणि तुम्ही लेकराला खेळवताय, अभ्यास घेताय, इतकंच करा. एकटीने घर आणि लेकरू दोन्ही अंगावर घ्यायचं ते १८ पूर्ण झाल्यावर. मी स्वतः १९ ची होते आणि तरी पहिल्या महिन्यात कुकरची शिट्टी झाली तरी दचकायचे.

लेकराचं वय पण ठरवा. सुरुवात तीन वर्षांच्या पुढच्यापासून करा. जे बोलून सांगू शकतं, शू आली, भूक लागली, पोट दुखतंय, ते सांभाळायला शिकता येतं. वर्षाच्या आतलं बाळ लगेच घेऊ नका, कितीही गोड असलं तरी. माझ्या मामेभावाच्या बाळाला मी महिनाभर मामीच्या नजरेसमोर सांभाळलं, अंघोळ, लंगोट, ढेकर, झोप सगळं शिकले, तेव्हा कुठे दुसऱ्याचं तान्हं हातात घ्यायची हिंमत झाली. तुमच्या घरात, नात्यात तान्हं असेलच, तिथे शिका.

पहिलं घर कसं मिळतं

पॅम्प्लेट वगैरे छापू नका, काही उपयोग नाही. आपल्याकडे लेकरू कुणी अनोळखी माणसाच्या हातात देत नाही आणि देऊ पण नये. घर मिळतं ते ओळखीतून, आणि ओळख म्हणजे नुसते नातेवाईक नाहीत. तुमच्या भागातल्या अंगणवाडी सेविका ताईंना जाऊन भेटा, कुणाच्या घरात काय अडचण आहे हे त्यांना सगळ्यात आधी कळतं. अंगणवाडी दुपारपर्यंत सुटते आणि आई येते पाच-सहाला, मधले ते तीन-चार तास, तिथेच तुमचं काम आहे. शाळेच्या व्हॅनवाल्या काकांना सांगून ठेवा, त्यांना माहीत असतं कुणाच्या दाराला रोज कुलूप असतं आणि लेकरू ओट्यावर बसून राहतं. किराणावाले काका, आईच्या भिशीतल्या काकू, तुमच्या लहानपणच्या बाई. प्रत्येकाला एकच वाक्य सांगा, कुठल्या वेळेला, कुठल्या वयाचं लेकरू, कुठल्या भागात. "काही काम असलं तर सांगा" असं म्हटलं की कुणाच्या लक्षात राहत नाही.

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं असेल तर मी असं टाकलं होतं:

"नमस्कार. मी आपल्याच कॉलनीत राहते, बी.ए.ला आहे. संध्याकाळी ५ ते ८ आणि रविवारी, ३ वर्षांच्या पुढच्या मुलांना तुमच्याच घरी येऊन सांभाळेन. पहिल्यांदा आईला घेऊन भेटायला येईन. भांडी-फरशीचं काम करत नाही. ज्यांना गरज असेल त्यांनी पर्सनल मेसेज करा."

भांडी-फरशीचं वाक्य मुद्दाम टाकलंय, त्या कामाला कमी समजून नाही, तर लेकराकडे पाठ करून भांडी घासणं धोक्याचं आहे म्हणून. आणि हा मेसेज फक्त ओळखीच्या ग्रुपवर, फेसबुकवर नंबर आणि पत्ता टाकून "मी एकटी घरी येऊन" असं काही लिहू नका, नको ते लोक फोन करतात.

वहिनींच्या सासूबाई, जिजी, पहिल्यांदा मला बघून म्हणाल्या होत्या, "तुले जमी का वं माय, तूच तं लेकरू दिसस." मला वाईट वाटलं होतं तेव्हा, पण आता वाटतं बरोबरच विचारलं. त्यांनी मला समोर बसवून नातवाला भात भरवायला लावला आणि स्वतः फक्त बघत बसल्या. ही पद्धत मी आता प्रत्येक घरात स्वतःहून सांगते, पहिले दोन दिवस तुम्ही घरात असताना मी येते, त्याचे पैसे नको, तुम्ही बघा, लेकराला माझी सवय होऊ द्या, मग ठरवा. आजी-आजोबा घरात असतील तर आधी त्यांचं मन जिंका. आई-बाप फोनवर हो म्हणतात पण खरं हो आजीचं असतं.

वही

आता महत्त्वाचं. प्रत्येक घरासाठी एक वेगळी दोनशे पानी वही घ्या, ती त्यांच्याच घरात फ्रीजवर नाहीतर टीव्हीजवळ ठेवा. पहिल्या भेटीत पहिल्या पानावर आईकडूनच लिहून घ्या, तुम्ही लिहू नका, तिच्या अक्षरात असू द्या. लेकराला कशाची ॲलर्जी आहे, कुठलं औषध चालू आहे, कधी फिट आली होती का, कुठले डॉक्टर, आई-बापाचे नंबर, ते दोघंही लागले नाहीत तर कुणाला लावायचा (आणि तो माणूस गावातच राहणारा हवा, पुण्यातल्या मामाचा नंबर काय कामाचा), घ्यायला कोण कोण येऊ शकतं. हे शेवटचं नक्की लिहून घ्या. एकदा एक गृहस्थ आले, म्हणे मी याचा काका, चल रे फिरायला. लेकरू पण ओळखत होतं. पण वहीत नाव नव्हतं, मी दाराच्या आतूनच सांगितलं की दादांना फोन लावते, थांबा. ते चिडले खूप. पण दादा घरी आल्यावर मला म्हणाले बरं केलं, आणि मला तेवढंच पुरे होतं.

मागच्या पानांवर रोजचं. किती वाजता काय खाल्लं, किती झोपलं, शी-शू, पडलं, रडलं, का रडलं. चार ओळी. आईला घरी आल्यावर दमलेली असताना तुमचं ऐकायला वेळ नसतो, ती रात्री वाचते. एका ताईंनी मला सांगितलं की त्या नाईटवरून आल्या की आधी वही वाचतात आणि मग झोपतात.

ही वही मी पहिल्या दिवसापासून नव्हते ठेवत, आणि त्याची शिक्षा मिळाली. दुसऱ्या घरात चार वर्षांची मुलगी होती, सोफ्यावरून उडी मारताना टेबलाचा कोपरा डोक्याला लागला. रक्त नाही आलं, टेंगूळ आलं, बर्फ लावला, पाच मिनिटांत खेळायला लागली. मला वाटलं आता कशाला सांगा, उगाच घाबरतील, आणि खरं म्हणजे मीच घाबरले होते की काम जाईल. रात्री आईने केस विंचरताना हात लागला. त्यांनी मला फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काम गेलं ते गेलंच, पण डोक्याला मार लागलेल्या लेकराकडे पुढचे २४ तास लक्ष ठेवायचं असतं, उलटी होते का, जास्त झोपाळतंय का, नीट ओळखतंय का, आणि मी न सांगितल्यामुळे तिच्या आईला ते माहीतच नव्हतं. म्हणून सांगते, लहानातलं लहान लागलं तरी त्याच वेळी फोन, आणि वहीत पण.

पैसे

इथे सगळ्यांची गाडी अडते, कारण आपल्याकडे शेजारी म्हणजे घरच्यासारखे, आणि घरच्यांकडून पैसे कसे घ्यायचे. मी पहिले सहा महिने घेतलेच नाहीत. वहिनी कधी ड्रेस द्यायच्या, कधी दिवाळीला पाकीट. पण मग झालं असं की परीक्षेच्या आदल्या दिवशी पण बोलावणं आलं आणि मला नाही म्हणता आलं नाही, आणि त्यांना पण वाटत राहिलं की आपण हिचं उपकाराचं ओझं घेतोय. दोघींच्या मनात अढी. शेवटी माझ्या आईनेच दोघींना चहाला बसवलं आणि तासाचा भाव ठरवला, त्या दिवसापासून आमचं जास्त चांगलं जमतं.

मी तासाला ५० रुपयांपासून सुरू केलं होतं, आता ८० घेते, रात्री नऊनंतर १००, दोन भावंडं असतील तर दीडपट. तुमच्या गावात वेगळं असेल, धुळ्यात नंदुरबारात वेगळं, खेड्यात तर कमीच. तुमच्या भागात ट्यूशनवाल्या बाई एका मुलाचे महिन्याला किती घेतात ते विचारा, त्यावरून अंदाज येतो. ठरवताना या गोष्टी बोलून घ्या, यायला उशीर झाला तर त्याचे पैसे, आयत्या वेळी रद्द केलं तर काय, महिन्याच्या कितव्या तारखेला. फोन पे ने घ्या म्हणजे दोघांकडे नोंद राहते. आणि ज्या घरी खरंच अडचण आहे, नवरा नाही, कामाला जाते बिचारी, तिथे कमी घ्या किंवा घेऊ नका, पण ते तुम्ही ठरवून करा, लाजेपोटी नको.

रात्री उशीर होणार असेल तर घरी सोडायला कोण येणार हे पण पैशांसारखंच आधी ठरवा. मी तर आईला लोकेशन पाठवूनच ठेवते. घरातला कुणी पिऊन आला, किंवा त्याचं वागणं-बोलणं नकोसं वाटलं, तर वाद घालत बसू नका, लेकराच्या आईला फोन करून बोलवा, घरच्यांना बोलवा, आणि त्या घरी परत जाऊ नका. कितीही पैसे देत असले तरी.

घरात शिरल्या शिरल्या

चप्पल काढली की मी आधी घर बघते, लेकराच्या उंचीवरून. म्हणजे खरंच खाली बसून. खाली बसलं की दिसतं की कूलरची वायर कुठे लोंबतेय, ऑलआउट कुठे लावलंय, फिनाइलची बाटली मोरीत कुठे ठेवलीय.

पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरात ड्रम, बादल्या, हौद भरलेला, आणि वर झाकण म्हणजे एखादी फळी. रांगतं लेकरू अर्ध्या बादलीत पण बुडू शकतं, डोकं जड असतं, एकदा वाकलं की त्याला वर येता येत नाही, आणि आवाज पण होत नाही. म्हणून बाथरूमचं दार बाहेरून कडी, हौदाला जड झाकण. मी हे आईला स्पष्ट सांगते की वहिनी, झाकण नसेल तर मला लेकरू घरात सांभाळता येणार नाही.

दुसरं कूलर. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय कुणाचंच घर चालत नाही आणि बरेच कूलर लोखंडी पत्र्याचे, खाली पाणी सांडलेलं. त्याला हात लावला आणि करंट बसला असं दर उन्हाळ्यात कुठून तरी ऐकायला येतं. लेकराला त्याच्यापर्यंत पोचूच देऊ नका, मध्ये खाट आडवी लावा, आणि पाणी भरायचं असेल तर आधी प्लग काढून, तेही लेकरू दुसऱ्या खोलीत असताना.

गच्ची आणि धाबं. जुन्या घरांच्या धाब्याला कठडा नसतो. मी ठरवलंय, माझ्यासोबत असताना वर जायचं नाही, पतंग असो नाहीतर काही असो.

खाणं

जे आईने सांगितलं तेच. मला येत असलेलं छान छान करून घालायचं नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फक्त आईचं दूध (किंवा डॉक्टरांनी सांगितलेलं), वरचं पाणी पण नाही, अगदी मे महिन्यात पण नाही, आजी कितीही म्हणाली तरी. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, त्यातून बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. आजी घुटी देत असेल तर तिच्याशी भांडू नका, तुम्ही स्वतः देऊ नका आणि आईच्या कानावर घाला, तो निर्णय त्यांच्या घरातला आहे.

मोठ्या लेकरांसाठी वरण-भात, खिचडी, कुस्करलेलं केळं, केळ्याला तर आपल्याकडे काय तोटा. भीती असते ती फुटाणे आणि शेंगदाण्यांची. आपल्याकडे पाहुणा आला की लेकराच्या मुठीत फुटाणे देतात, शेंगदाणे तर प्रत्येक घरात. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, बिया असलेली बोरं देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. द्यायचंच तर शेंगदाण्याचा कूट, द्राक्षं उभी चिरून. आणि खाताना बसवून, पळता पळता घास नाही.

मोबाईल दाखवून भरवायचं का, हे प्रत्येक जण विचारतं. मी नाही दाखवत. पहिले तीन दिवस त्रास होतो, चौथ्या दिवशी चिमणीच्या घासावर येतं लेकरू. त्याला सोबत बसवून मी पण ताटात घेऊन खाते, त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगते

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो आणि तेव्हाच शाळांना सुट्टी, म्हणजे कामाचा सीझन पण तोच. बाहेरचं खेळणं सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहाच्या नंतर. दुपारी बारा ते चार दाराबाहेर पाऊल नाही, नाक्यावरून कुल्फी आणायला पण नाही. उभ्या गाडीत लेकराला पाच मिनिटं पण ठेवायचं नाही. दर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी मी स्वतःहून देते, मागायची वाट बघत नाही, खेळात त्यांना तहान कळत नाही. लघवी कमी होतेय, गडद पिवळी होतेय, तोंड कोरडं पडलंय असं दिसलं की ओआरएस, आणि त्याचं माप पाकिटावर लिहिलेलं असतं तेवढंच, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अंदाजे ग्लासात असं नाही. अंग तापलंय, लेकरू मलूल झालंय, हाक मारली तर नीट बघत नाहीये, तर तो ऊन लागण्याचा प्रकार असू शकतो, कपडे सैल करा, ओल्या कापडाने अंग पुसा, पंखा लावा, आणि दवाखाना. कांदा खिशात ठेवून थांबू नका.

दुपारचे चार तास घरात काय करायचं हा खरा प्रश्न. माझ्याकडे एक पिशवी असते, त्यात जुने बांगड्यांचे डबे, रंगीत खडू, लोकरीचे तुकडे, गव्हाची कणीक मळून केलेले प्राणी, आणि अख्खं मासिक कापायला बोथट कात्री (मोठ्या लेकरांसाठीच). अहिराणीतल्या म्हणी-कोडी मी माझ्या आजीकडून लिहून आणल्यात. बाहेरून बदलून आलेल्या रेल्वेवाल्यांच्या लेकरांना ती फार आवडतात, बिहारची एक चिमुरडी आता मला बघून "काय करी राहिनी" म्हणते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मात्र तयारीत राहा. सगळ्या लेकी माहेरी येतात, एकेका घरात आठ-दहा लेकरं, झाडाला झोका बांधलेला. मोठ्या बायकांना निवांत बसायचं असतं, गाणी म्हणायची असतात. अशा दिवशी तुम्हाला बोलावलं तर एकटीने घेऊ नका, मैत्रिणीला सोबत घ्या, चार-पाच लेकरांमागे एक जण हवाच, आणि झोक्याजवळ एक जण कायम उभं. लग्नाच्या मांडवात पण तसंच, तिथे तर आचाऱ्याच्या भट्टीच्या बाजूला दोरीच बांधून घ्यायची.

काही झालंच तर

हे वाचून शिकू नका, हाताने शिका. रेडक्रॉस आणि सेंट जॉन अँब्युलन्स प्रथमोपचाराचे वर्ग घेतात, कॉलेजच्या एनएसएस, एनसीसी मधून पण होतात, बाहुलीवर करून बघायला मिळतं. मी ते केल्यावरच तान्ही बाळं घ्यायला लागले. तरी थोडक्यात लिहिते.

घशात अडकलं आणि लेकरू जोरात खोकतंय तर खोकू द्या, मध्ये पडू नका. आवाज निघत नसेल, निळं पडत असेल तर वर्षाच्या आतल्या बाळाला हातावर पालथं घेऊन, डोकं खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब, असं आलटून पालटून. वर्षाच्या वरच्याला पुढे वाकवून पाच थापा आणि मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर असा पाच वेळा झटका. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं अजून आत जातं. बेशुद्ध पडलं तर ताबडतोब १०८.

भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं गार पाणी. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही नाही. ड्रममधलं पाणी तांब्याने सोडत राहिलात तरी चालेल.

काही विषारी प्यायलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका, ती बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल. शेतकऱ्याच्या घरात हे फार जपा, फवारणीचं औषध उरलं की कोल्ड्रिंकच्या बाटलीत ओतून ठेवतात, आणि लेकराला ती कोल्ड्रिंकचीच बाटली दिसते.

विंचू. खेड्यात, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा (वाळलेल्या काड्यांचा) ढीग घराला लागून असतो, त्यात असतातच. लेकराला विंचू चावला तर उतारा, मंत्र यात एक मिनिट घालवू नका. घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या झाल्या म्हणजे विष चढतंय. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन नावाची गोळी किती उपयोगी आहे ते दाखवून दिलं, त्यामुळे वेळेत पोचलेलं लेकरू वाचतं. साप चावला तरी तेच, कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, लेकराला चालवायचं नाही, उचलून न्यायचं.

ताप आला तर आईला फोन, आणि तिने सांगितलेलं औषध, तिने सांगितलेलं माप, ते वहीत वेळेसह. माझ्या मनाने एक थेंब पण नाही.

आणि रडतंय म्हणून तान्ह्या बाळाला कधीही हलवायचं, झटकायचं नाही, मेंदूला इजा होते. तुमचाच तोल सुटतोय असं वाटलं तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवा, दोन मिनिटं बाजूला व्हा, पाणी प्या, आईला फोन करा की मला जमत नाहीये, या. हा फोन मी केलाय. वहिनी आल्या, त्यांनी बाळाला घेतलं आणि मला चहा करून दिला. झोपवताना पण उताणंच, तोंडाजवळ उशी-गोधडी नको, झोळीत असेल तर गाठी रोज तपासा आणि मोठ्या भावंडाला झोका देऊ देऊ नका.

मुलांनो, तुमचं

माझा मामेभाऊ रावेरकडचा, तो पण हे करतो, पण वेगळ्या पद्धतीने. शाळेतून आणणं, अभ्यास, क्रिकेट, सायकल शिकवणं, सात-आठ वर्षांच्या पुढच्या पोरांसाठी. लोक मुलाला घरात घ्यायला बिचकतात, आणि त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, लेकरांच्या बाबतीत भीती खरी आहे. तो काय करतो, ओट्यावर किंवा दार उघडं ठेवून बसतो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला ऑनलाइन अर्ज करून काढून घेतलाय, आणि स्वतःहून दाखवतो. दाखला तर मुलींनी पण काढावा.

काही नियम सगळ्यांनाच. अंघोळ, कपडे बदलणं हे आईने सांगितलं असेल तरच. लेकराला पापी नको असेल तर जबरदस्ती नाही. त्याचा फोटो तुमच्या स्टेटसला नाही, त्यांच्या घरातलं भांडण बाहेर नाही, कपाट उघडायचं नाही. आणि "हे आपल्या दोघांचं गुपित" हे वाक्य लेकराशी गंमत म्हणून पण बोलायचं नाही, कारण वाईट माणसं हेच वाक्य वापरतात. लेकराने कधी असं काही सांगितलं की कुणी नको तिथे हात लावला, तर त्याच्यावर विश्वास ठेवा, खोदून खोदून विचारू नका, आणि १०९८ ला (लेकरांसाठीची हेल्पलाइन) फोन लावा, चोवीस तास चालू असतो, फुकट असतो. पॉक्सो (लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या) कायद्याप्रमाणे माहीत असून गप्प बसणं हा पण गुन्हा आहे. आरोपी घरातलाच असला तरी.

खेड्यात असाल तर

वेळ वेगळी. कापूस वेचणीच्या दिवसांत बाया सकाळी आठच्या आत शेतात, परत येतात सांजेला. लेकरू शेताच्या बांधावर झोळीत, किंवा सहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर, आणि त्या बहिणीची शाळा बुडते. एका घराला रोजचे पैसे देणं जमत नाही हे खरंय, पण चार-पाच घरं मिळून जमतं. मामेबहिणीने मागच्या सीझनला असंच केलं, एका ओट्यावर पाच लेकरं, पाचही घरांतून रोजचे थोडे थोडे पैसे आणि एकेका घराचा दुपारचा डबा. पाचपेक्षा जास्त घ्यायला ती तयार नव्हती आणि ते बरोबरच. अंगणवाडीच्या वेळात मोठी लेकरं तिकडे, मग हाताशी दोनच उरायची. त्या सहा वर्षांच्या बहिणीचं नाव शाळेच्या हजेरीत रोज लागायला लागलं, मामेबहीण हेच सगळ्यांना आधी सांगते, पैशांचं नंतर.

सोडताना

परीक्षा येते, लग्न ठरतं, नोकरी लागते, कधीतरी सोडावं लागतंच. महिनाभर आधी सांगा. लेकराला पण सांगा, त्याच्या भाषेत, तीन-चार दिवस आधी, गायब होऊ नका. पहिल्या घरातला तो मुलगा आता पहिलीत आहे. बी.एड.साठी मी जूनपासून जळगावला जाणार, म्हणून मागच्या आठवड्यात माझ्या जागी येणाऱ्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे गेले. वहिनींनी फ्रीजवरची वही काढून तिच्या हातात दिली. ती चौथी वही आहे. पहिल्या पानावर वहिनींच्या अक्षरात सगळं आहे, आणि खाली पोराने स्वतः पेन्सिलने लिहिलंय, शेंगदाने नको.